तराजूला जे कळत नाही

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासमोर टेबलावर बाजरीच्या दोन पिशव्या ठेवल्या आहेत अशी कल्पना करा. दोन्हींत बरोबर एक-एक किलो बाजरी आहे. दाणे सारखेच टपोरे, रंग सारखाच करडा. दाणा चावून पाहिला तरी चवीत फरक कळत नाही. दोन्ही पिशव्या तराजूच्या दोन पारड्यांत ठेवल्या तर काटा मध्यावर स्थिर राहतो. दुकानदाराला विचाराल तर तो दोन्हींचा एकच भाव सांगेल. आणि तरीही यांतील एका पिशवीत ४२ मिलिग्रॅम लोह असेल आणि दुसरीत ७१ मिलिग्रॅम!

फरक आहे २९ मिलिग्रॅमचा. एक किलो बाजरीत सुमारे एक लाख दाणे असतात, म्हणजे एका दाण्याचे वजन १० मिलिग्रॅमच्या आसपास भरते. तेव्हा हा सारा फरक एक लाख दाण्यांमागे तीन दाण्यांच्या वजनाएवढा झाला. एवढ्याशा फरकाने काय होणार, असे तुम्हांला वाटेल. त्याचेच उत्तर मला आज द्यायचे आहे.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. भौतिकशास्त्राच्या बाईंना बाजरीशी काय कर्तव्य, असाही प्रश्न कोणी विचारील. कर्तव्य आहे ते मोजमापाशी. अकरावीची मुले पहिल्यांदा प्रयोगशाळेत येतात तेव्हा मी त्यांना एक गोष्ट नेहमी सांगते. उपकरण फक्त तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. तराजूला वजन विचारले की तो वजन सांगतो, तापमापीला तापमान विचारले की ती तापमान सांगते. न विचारलेले कोणी सांगत नाही. आपण वर्षानुवर्षे धान्याला एकच प्रश्न विचारत आलो आहोत : तू किती पिकलास? दाण्याच्या आत काय पिकले, हे आपण विचारलेच नाही. तो प्रश्न आता नेमाने विचारला पाहिजे, असे माझे मत आहे.

सूक्ष्म, पण क्षुल्लक नव्हे

माणसाच्या शरीरात एकूण लोह असते अवघे तीन ते चार ग्रॅम, म्हणजे एखाद्या लहान खिळ्याएवढे. जस्त असते सुमारे दोन ग्रॅम. अशा मूलद्रव्यांना म्हणूनच सूक्ष्म मूलद्रव्ये म्हणतात. पण सूक्ष्म म्हणजे क्षुल्लक नव्हे. रक्तातील हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि प्रत्येक अणू ऑक्सिजनचा एकेक रेणू धरून ठेवतो. लोह कमी पडले की हिमोग्लोबिन कमी तयार होते, आणि मेंदूला व स्नायूंना ऑक्सिजनचा पुरवठा अपुरा पडतो. जिना चढताना धाप लागते, दुपारच्या तासाला फळ्यावरचे अक्षर दिसते पण डोक्यात शिरत नाही. आपण त्या मुलाला किंवा मुलीला आळशी म्हणून मोकळे होतो.

जस्ताची कथा याहून नवलाची आहे. १९५८ च्या सुमारास मूळ बिहारचे डॉ. आनंद प्रसाद इराणमधील शिराझ येथे काम करत होते. त्यांच्याकडे एक रुग्ण आला. वय २१, पण दिसायला जेमतेम दहा वर्षांचा मुलगा. उंची खुंटलेली, तारुण्याची चिन्हे नाहीत. त्या भागात असे आणखीही तरुण होते. त्यांचे मुख्य अन्न होते गव्हाची बिनखमिराची रोटी. मांस अगदी क्वचित मिळे. प्रसादांनी १९६१ साली या रुग्णांविषयी लिहिताना जस्ताच्या कमतरतेची शंका मांडली, आणि पुढे इजिप्तमध्ये अशाच तरुणांवर काम करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पक्की केली. माणसाला जस्ताची कमतरता भासू शकते हे तोपर्यंत वैद्यकाला मान्य नव्हते. पोट भरलेले असते आणि तरीही शरीर उपाशी असते. असल्या उपासमारीला हल्ली ‘छुपी भूक’ म्हणतात.

ही छुपी भूक आपल्याकडे किती आहे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयी आढळली. म्हणजे वर्गातल्या दहा मुलींपैकी जवळजवळ सहा मुली. रक्तक्षय केवळ लोहाअभावीच होतो असे नाही. फॉलिक आम्ल किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी पडणे, पोटातील जंत, हिवताप, काही आनुवंशिक दोष ही कारणेही असतात. पण लोहाची कमतरता हे त्यांतील एक मोठे कारण आहे, यात शंका नाही.

आमटीत पाणी वाढले

आता जरा इतिहास पाहू. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे ‘ब्रॉडबाक’ नावाचे एक शेत आहे. तेथे १८४३ पासून गव्हावर एक प्रयोग अखंड चालू आहे, आणि विशेष म्हणजे दरवर्षीच्या धान्याचे नमुने जपून ठेवले आहेत. २००८ साली संशोधकांनी या जुन्या नमुन्यांतील खनिजे मोजून निष्कर्ष प्रसिद्ध केले. १८४५ पासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दाण्यातील लोह, जस्त, तांबे आणि मॅग्नेशियम यांचे प्रमाण जवळजवळ स्थिर होते. त्यानंतर मात्र ते घटत गेले. जमिनीतील खनिजे संपली म्हणावीत, तर तसेही नव्हते. ती तेवढीच होती किंवा वाढली होती. मग बदलले काय होते? बदलले होते बियाणे. त्याच सुमारास बुटके, भरघोस उत्पन्न देणारे गव्हाचे नवे वाण आले होते.

कारण समजायला सोपे आहे. पाहुणे वाढले की आपण आमटीत पाणी वाढवतो. आमटी सर्वांना पुरते, पण डाळ तेवढीच राहते. नव्या वाणांनी दाण्यांत पिष्ट पुष्कळ भरले, पण मुळांनी ओढलेली खनिजे त्या प्रमाणात वाढली नाहीत. ती अधिक धान्यात वाटली गेली.

यावरून हरितक्रांती चुकली असा निष्कर्ष कोणी काढू नये. तुमच्या आजी-आजोबांना १९७२ च्या दुष्काळाविषयी विचारा. परदेशातून आलेला लाल मिलो आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी यांच्या आठवणी ते सांगतील. ज्या देशाला पोटभर धान्य नाही, त्याने आधी पोत्यांची संख्या वाढवावी हेच योग्य होते. आपण उत्पन्न मोजले आणि उत्पन्न मिळवले. मात्र जे मोजले नाही त्याकडे आपले लक्ष गेले नाही. आता पोती पुरेशी आहेत, तर दुसऱ्या प्रश्नाकडे वळायला हरकत कसली?

एक वाट जमिनीची

दाण्यातील खनिजे वाढवण्याच्या मुख्य वाटा दोन. एक जमिनीतून, म्हणजे खतातून जाते आणि दुसरी बियाण्यातून.

पहिल्या वाटेचे मोठे उदाहरण फिनलंडचे आहे. तेथील जमिनीतून पिकांना सेलेनियम हे मूलद्रव्य फारच थोडे मिळत असे. १९८४ साली त्या देशाने निर्णय घेतला की, साऱ्या देशात वापरल्या जाणाऱ्या मिश्र खतांत सेलेनियम मिसळायचे. धान्याच्या खतात ते एका किलोमागे १६ मिलिग्रॅम घातले गेले. लोकांच्या आहारातील सेलेनियम झपाट्याने वाढले, इतके की १९९० मध्ये हे प्रमाण ६ मिलिग्रॅमवर आणावे लागले. पुढे १९९८ मध्ये ते १० आणि २००७ मध्ये १५ करण्यात आले. ते हे सारे करू शकले, कारण धान्य, दूध, मांस आणि माणसांचे रक्त यांतील सेलेनियम ते सतत मोजत होते. सेलेनियमच्या बाबतीत कमी आणि जास्त यांमधले अंतर फार थोडे असते. आपल्याकडेच पंजाबातील होशियारपूर व नवांशहर भागांत काही जमिनींत ते इतके जास्त आहे की, तेथील चारा खाऊन गुरांचे केस गळतात व खूर बिघडतात. तेव्हा फिनलंडचे खत उचलून सर्वत्र टाकणे हा शहाणपणा नव्हे. त्या देशाकडून घ्यायची ती मोजण्याची सवय.

जस्तासाठीही जमिनीची वाट उपयोगी पडते. भारतातील पुष्कळ जमिनींत पिकाला उपलब्ध होणारे जस्त कमी आहे. १९६० च्या दशकात पंतनगर येथे डॉ. य. ल. नेने यांनी भातावरील ‘खैरा’ हा रोग जस्ताच्या कमतरतेने होतो हे दाखवून दिले. मध्य तुर्कस्तानातही १९९० च्या दशकात गव्हाला जस्तयुक्त खत दिल्यावर पीक सुधारले. दाणे भरत असताना पानांवर जस्ताच्या क्षाराची फवारणी केली, तर दाण्यातील जस्तही वाढते.

लोह मात्र असे ऐकत नाही. जमिनीत लोह भरपूर असते, पण चुनखडीच्या जमिनीत ते गंजासारख्या न विरघळणाऱ्या रूपात असते. वरून घातलेले लोहही लवकरच त्याच रूपात जाते. विहीर भरलेली, पण पोहरा पोचत नाही, अशी पिकाची स्थिती होते. म्हणून लोहासाठी दुसरी वाट धरावी लागते, ती बियाण्याची.

टोगोहून आलेली बाजरी

या वाटेवरची गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे. पश्चिम आफ्रिकेत टोगो नावाचा छोटा देश आहे. त्याच्या उत्तर भागात पिकणाऱ्या ‘इनियाडी’ प्रकारच्या बाजरीपासून हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने आयसीटीपी ८२०३ नावाचा वाण तयार केला. टपोरे दाणे आणि लवकर तयार होणारे पीक, यामुळे तो १९८८ मध्ये महाराष्ट्र व आंध्र प्रदेशासाठी प्रसारित झाला. शेतकऱ्यांनी तो पेरला, लोकांनी त्याच्या भाकरी खाल्ल्या. पुढे संशोधकांनी निरनिराळ्या बाजऱ्यांतील लोह मोजायला घेतले, तेव्हा असे दिसले की हा वाण लोहाने मुळातच समृद्ध आहे! इतकी वर्षे तो आपल्या शेतांत उभा होता. त्याला तो प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

हा वाण संकरित नव्हता. त्यामुळे त्यातील सर्व रोपे एकसारखी नव्हती, कोणात लोह थोडे अधिक तर कोणात कमी. अधिक लोह असलेल्या रोपांची संतती निवडून ‘धनशक्ती’ हा सुधारित वाण तयार झाला. २०१२ मध्ये तो महाराष्ट्रासाठी आणि २०१४ मध्ये साऱ्या देशासाठी प्रसारित झाला. अधिक लोहासाठी मुद्दाम तयार करून प्रसारित केलेला हा भारतातील पहिला वाण. त्याच्या एका किलोत सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह आणि ४० मिलिग्रॅम जस्त असते. अशा वाणांना ‘जैवसमृद्ध वाण’ म्हणतात. यात बाहेरून कोणतेही जनुक घातलेले नाही. आपले शेतकरी पिढ्यानपिढ्या चांगली कणसे बियाण्यासाठी बाजूला काढत आले, तीच ही निवड. फक्त डोळ्यांच्या जोडीला उपकरण आले.

ते उपकरण कोणते हे सांगण्याचा मोह भौतिकशास्त्राच्या शिक्षिकेला कसा आवरणार? दाण्यांवर क्ष-किरण सोडतात. क्ष-किरण लोहाच्या अणूतील सर्वांत आतल्या कक्षेतील एक इलेक्ट्रॉन उडवून लावतो. रिकाम्या जागी बाहेरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन येऊन पडतो आणि जास्तीची ऊर्जा नव्या क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर टाकतो. प्रत्येक मूलद्रव्याची ही ऊर्जा ठरलेली असते. लोहाची ६.४, तर जस्ताची ८.६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. मोसले या तरुण शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये यातील नियम शोधला. आज त्याच नियमाच्या बळावर दाणा न दळता, न जाळता, थोड्याच मिनिटांत त्यातील लोह व जस्त समजते. एक सावधगिरी मात्र घ्यावी लागते. दाण्याला चिकटलेल्या धुळीतही लोह असते आणि ते हिशेबात शिरून आपल्याला फसवते. म्हणून रासायनिक तपासणीत ॲल्युमिनियमही मोजतात. ॲल्युमिनियम जास्त निघाले, तर नमुन्यात माती आहे असे समजावे.

भाकरीचा प्रयोग

दाण्यात लोह असणे वेगळे आणि ते रक्तात उतरणे वेगळे. धान्यात फायटेट नावाचे द्रव्य असते. ते लोह व जस्त यांना घट्ट धरून ठेवते आणि आतड्यांना सहजी घेऊ देत नाही. शिराझच्या त्या तरुणांच्या रोटीनेही हेच केले होते. तेव्हा अशा बाजरीचा खरोखर उपयोग होतो का, हे खाऊ घालूनच पाहायला हवे होते.

तसा प्रयोग झाला, आणि तोही ग्रामीण महाराष्ट्रात, तुमच्याच वयाच्या म्हणजे १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलामुलींवर. कोणी कोणत्या गटात जायचे हे यदृच्छेने ठरवले गेले. एका गटाला अधिक लोहाच्या बाजरीचे पदार्थ आणि दुसऱ्याला साध्या बाजरीचे, असे सहा महिने दिले. पहिले चार महिने तर मुख्यतः भाकरीच होती. चार महिन्यांनंतर पहिल्या गटातील मुलांच्या शरीरातील लोहाचा साठा दुसऱ्या गटाहून अधिक वाढलेला दिसला. सुरुवातीला ज्यांना लोहाची कमतरता होती, त्यांच्यापैकी पहिल्या गटातील मुलांची कमतरता सहा महिन्यांत भरून येण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या १.६४ पट होती. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या भागात असे दिसले की, अवधान आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांतही पहिल्या गटाची प्रगती अधिक होती.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या प्रयोगातील बाजरीत किलोमागे ८६ मिलिग्रॅम लोह होते आणि साध्या बाजरीत जास्तीत जास्त ५२. म्हणजे फरक बराच मोठा होता. फरक कमी असेल, तर परिणामही कमी दिसणार.

आता आपल्या त्या दोन पिशव्यांकडे परत येऊ. रोज तीन भाकरी, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम पीठ धरा. पहिल्या पिशवीतून रोज ८.४ मिलिग्रॅम लोह मिळेल, दुसरीतून १४.२. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीच्या रोजच्या आहारात ३० मिलिग्रॅम लोह असावे अशी शिफारस आहे. म्हणजे पहिली बाजरी गरजेच्या चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक देते आणि दुसरी जवळजवळ निम्मे. फरक ५.८ मिलिग्रॅमचा. त्यातील सात-आठ टक्केच शरीरात शोषले जाते असे धरले, तरी रोजचे सुमारे ०.४ मिलिग्रॅम होते. सहा महिन्यांत झाले ७२ मिलिग्रॅम. एवढे लोह सुमारे दीडशे मिलिलिटर रक्तात असते. एक लाख दाण्यांमागे तीन दाण्यांचा तो फरक येथवर येऊन पोचतो!

आक्षेप आणि उत्तरे

यावर काही आक्षेप घेतले जातात, आणि ते रास्त आहेत.

पहिला आक्षेप असा की, शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, मग ही खटपट कशाला? ही योजना २०१३ पासून चालू झाली आणि ती आवश्यकच आहे. ज्याचा रक्तक्षय तीव्र आहे त्याला गोळीच हवी, बाजरी नव्हे. पण गोळी आठवड्याला आठवणीने पोचावी लागते, मुलांनी ती गिळावी लागते, सुटीत ती बंद पडते. शाळा सोडलेल्या मुलीपर्यंत ती पोचणे आणखी अवघड. भाकरी मात्र सुटीतही खाल्ली जाते, आणि घरातले सारेच ती खातात.

दुसरा आक्षेप : गिरणीतच लोह मिसळावे. रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ असलेले कृत्रिम दाणे शंभरास एक या प्रमाणात मिसळण्याची योजना २०२१ मध्ये जाहीर झाली आणि मार्च २०२४ पर्यंत देशभर राबवली गेली. मिठात आयोडीन मिसळून गलगंडाला आळा घातल्याचे उदाहरणही आपल्यापुढे आहे. मिसळण्याला माझा विरोध नाही. पण जो शेतकरी आपलेच धान्य गावच्या चक्कीवर दळून आणतो, त्याच्या पिठात कोण काय मिसळणार? त्याच्या घरी पोचते ते बियाणेच. शिवाय मिसळण्याचा खर्च दरवर्षी येतो, वाण तयार करण्याचा मुख्य खर्च एकदाच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. एकाच धान्यात सारे भरण्यापेक्षा लोकांच्या ताटात डाळ, पालेभाजी, फळे, अंडी का येऊ नयेत? आलीच पाहिजेत. जैवसमृद्ध बाजरी हा डाळीला पर्याय नव्हे, आणि ‘बाजरी दिली, आता भाजी नको’ असे कोणी म्हणू लागला तर त्याला तुम्ही ठामपणे अडवा. पण जोवर गरिबाच्या ताटात भाकरीचाच वाटा मोठा आहे, तोवर ती भाकरी शक्य तेवढी सकस असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुधाला एक न्याय, धान्याला दुसरा

मग अडते कोठे? अडते ते भावापाशी. लोह डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. संकरित बाजरी उत्पन्न अधिक देते, तर शेतकऱ्याने न दिसणाऱ्या लोहासाठी चार पोती कमी का घ्यावीत? त्याला दोष देता येणार नाही. अधिक लोहाचे संकरित वाणही आता आले आहेत, त्यामुळे ही अडचण काहीशी कमी झाली आहे. पण बाजारात भाव मात्र अजून वजनालाच मिळतो.

आता गावच्या दूध संकलन केंद्रावर काय चालते ते आठवा. तेथे केवळ लिटर मोजून पैसे देतात का? नाही. दुधाची फॅट पाहतात आणि त्यावर दर ठरतो. उसाच्या दराला साखरेच्या उताऱ्याचा आधार असतो. कापसाचा धागा किती लांब आहे हे पाहिल्यावाचून व्यापारी भाव सांगत नाही. म्हणजे आत काय आहे यावर पैसे देण्याची रीत आपल्याला नवी नाही. मग ज्या धान्यावर आपण जगतो त्याच्याच बाबतीत ही रीत का नसावी?

येथे बाजरीने एक पायंडा पाडला आहे. बाजरीच्या नव्या वाणात किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असलेच पाहिजे, असा निकष २०१८ मध्ये आपल्या देशात ठरला. नुसते उत्पन्न चांगले असून आता भागत नाही. लेखाच्या सुरुवातीच्या पहिल्या पिशवीतील ४२ हा आकडा मी येथूनच घेतला होता. इतर धान्यांचेही सकस वाण तयार होत आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ ही अधिक लोह-जस्ताची ज्वारी प्रसारित केली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या एमएसीएस ४०२८ या गव्हात किलोमागे सुमारे ४६ मिलिग्रॅम लोह व ४० मिलिग्रॅम जस्त आहे. म्हणजे हे करता येते, याविषयी शंका उरलेली नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. बाजरीसारखाच किमान निकष ज्वारी, गहू, तांदूळ, नाचणी या प्रत्येक धान्याच्या नव्या वाणाला लावावा. वाणाच्या माहितीपत्रकावर उत्पन्नाच्या शेजारीच लोह व जस्त किती तेही छापावे. आणि शालेय पोषण आहार, वसतिगृहे, अंगणवाड्या यांसाठी सरकार जे धान्य खरेदी करते, त्यात अशा वाणांना थोडा जास्त भाव द्यावा. प्रत्येक पोते तपासणे शक्य नाही हे मी जाणते. जमीन आणि हंगाम यांप्रमाणे आकडे बदलतात हेही खरे. पण वाणाची खात्री आणि अधूनमधून नमुन्यांची तपासणी एवढे तर करता येईल. दूध केंद्रावर रोज होते ते धान्याच्या बाबतीत हंगामातून एकदा का होऊ नये?

हे मोजमाप पुढेही चालू ठेवावे लागेल. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ५५० भाग इतके वाढवून गहू पिकवला, तर त्यातील जस्त ९ टक्क्यांनी आणि लोह ५ टक्क्यांनी घटते, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. तुम्ही माझ्या वयाचे व्हाल तेव्हा हवा तशी झालेली असेल किंवा त्या वाटेवर असेल. तेव्हाच्या धान्यात काय असेल हे ठरवणारे संशोधक आज तुमच्याच वर्गात बसलेले असतील.

तोवर तुम्हांला करण्यासारखे काही आहे का? आहे. भाकरीबरोबर लिंबाची फोड किंवा आवळा घ्या. त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, तो लोहाला अडवतो. कडधान्यांना आणि नाचणीला मोड आणण्याची, पीठ आंबवून आंबील करण्याची जी रीत घरी आहे ती सोडू नका. तिने फायटेट कमी होते. आणि शिक्षकांना एक विनंती. घरी खातात ती बाजरी, ज्वारी किंवा गहू कोणत्या वाणाचा आहे, हे विद्यार्थ्यांना विचारून यायला सांगा. शेतकऱ्याच्या मुलाला बहुधा सांगता येईल, शहरातल्या मुलाला येणार नाही, दुकानदारालाही नाही. हे उत्तर न मिळणे हाच त्या दिवशीचा धडा समजावा.

पुढच्या उन्हाळ्यात घरी बियाण्याची बोलणी निघतील आणि ‘एकरी किती होते?’ असे वडील कृषी सेवा केंद्रात विचारतील. त्या वेळी तुम्ही शेजारी उभे असाल, तर अदबीने दुसरा प्रश्न विचारा : ‘काका, या वाणात लोह किती आहे?’ पहिल्या वर्षी ते हसतील. पुष्कळ मुलांनी दरवर्षी विचारले, तर पिशवीवर आकडा छापावा लागेल.